आधी आकडी, मग हात

माझी पत्नी सुमन मंगळवारी सकाळी पुण्यात, दवाखान्यात वारली. त्या दिवशी घरी सापाला खायला घालायचं होतं. ते राहिलं.

हे दुसरं वाक्य ठेवावं की काढावं, यावर मी बराच विचार केला. बायको गेल्याचं सांगताना सापाच्या जेवणाचं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून मी आधी सापाला वगळून लिहून पाहिलं. घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वेळेची पक्की होती, मुलांना जीव लावायची, असं सगळं त्यात आलं. वाचल्यावर ती पानं कुठल्याही शिक्षिकेची वाटली. ती बाजूला ठेवली. सुमनबद्दल लिहायचं तर सापाबद्दल लिहावं लागणार, आणि तेच मला नको होतं.

मी जुन्नरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. गाव बोरी बुद्रुक. सुमनचं माहेर घोडेगावच्या वरचं, डोंगरातलं. आमचं लग्न बोरीच्या विहारात झालं, संसार जुन्नरात. हार घालायची वेळ आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "घालते हं आता." मला वाटलं, घाबरली असेल. पुढे कळलं की तिची सवयच तशी होती. कुठलीही गोष्ट करायच्या आधी ती सांगायची. दिवा घालवताना सांगायची, पंखा लावताना सांगायची. स्वतःच्या वर्गात शिरतानाही दारावर टकटक करायची. मुलं हसायची. ती म्हणायची, "तुमी काय करत बसलाय ते मला बघायचं न्हाई, म्हणून वाजवलं." शाळेत आणि घरात चिडली किंवा खुशीत आली की तिची भाषा डोंगरावर जायची.

मी वाचत असलो की मला हाक मारलेली ऐकू येत नाही, आणि कुणी एकदम जवळ आलं तर मी दचकतो, वस्‌कन बोलतो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून ती माझ्या खोलीच्या दारात थांबून पुस्तकांच्या कपाटावर दोनदा बोट वाजवायची आणि मग आत यायची. मला त्याची इतकी सवय झाली की आवाज कानावर पडायच्या आधीच मी पानात बोट घालून पुस्तक मिटायचो.

साप आमच्याकडे आला तो दोन महिन्यांसाठी, आणि राहिला तो कायमचा. सुमनचा भाचा पुण्यात शिकत होता, त्याने तो पाळला होता. आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी, मनगटाएवढा जाड, तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, आणि घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. भाच्याने सरकारी नोंद वगैरे सगळं रीतसर केलं होतं. मग त्याला जर्मनीत जागा मिळाली. त्याच्या आईने सांगितलं, एक तर हा राहील नाही तर मी. भाच्याने आत्याला फोन केला.

सुमन एकटी गेली आणि सापाला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा कापडी पिशवीत ठेवून एसटीने घेऊन आली. पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, पिशवी वर टाका की."

"नको, पावणं हायेत आत."

"कोंबडं हाय का? कोंबड्याचं तिकीट काढावं लागंल."

"कोंबडं न्हाई. साप हाय."

कंडक्टर इतका हसला की सुट्टे पैसे द्यायचे विसरला. नारायणगावपर्यंत तो येता-जाता विचारत होता, "काय म्याडम, पावणं झोपलं का?" ती खरंच बोलत होती हे त्या माणसाला कधीच कळलं नाही. सापाचं नाव मात्र तेव्हापासून 'पावणं' पडलं. मी त्याला साप म्हणतो.

आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून तिने साप पाळला असं लोक म्हणायचे. लोकांना कारण लागतं. नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध आणि हळदकुंकू घेऊन आल्या, तेव्हा तिने दूध आत नेलं, त्याचा चहा केला आणि त्यांनाच पाजला. "हे पावणं दूध पीत न्हाईत. आन् हे नाग बी न्हाईत. तुमी प्या." बायका चहा पिऊन, काचेच्या पेटीकडे लांबून हात जोडून गेल्या.

पेटी बाहेरच्या खोलीत होती, खिडकीपासून लांब. एका टोकाला दिवा, त्याखाली ऊब. दुसऱ्या टोकाला पाण्याचं भांडं आणि लपायला उलटा ठेवलेला मातीचा कुंडा. जुन्नरची थंडी सापाला सोसत नाही. एकदा ऐन थंडीत सकाळी वीज गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. सुमनने शाळेत रजा कळवली, स्वेटर घातला आणि सापाला स्वेटरच्या आत घेऊन गॅलरीतल्या उन्हात बसली. मला त्या आठवड्यात कडकडून सर्दी झाली होती. मी दोनदा शिंकलो. ती उन्हातूनच म्हणाली, "अहो, अंगावर काहीतरी घ्या." मी शाल घेतली. तिच्या गळ्याशी स्वेटर थोडा हलत होता, आणि ती त्या हलण्याकडे मान वाकवून बघत होती. कुणाचा हेवा वाटावा, याला काही रीत असते. माझ्या वयाच्या, वाचलेल्या माणसाला अजगराचा हेवा वाटत होता.

तिच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

हा साप एरवी शांत, पण जेवणाच्या सुमाराला त्याच्यावर भरवसा नाही. त्याला डोळ्यांपेक्षा वास आणि ऊब जास्त कळते. भूक लागलेली असताना झाकण उघडलं आणि समोर काही ऊबदार हललं, की त्याच्या लेखी ते जेवण. मग तो हात कुणाचा आहे, रोज पाणी कोण बदलतं, याचा तो विचार करत नाही. सुरुवातीला सुमनला तो दोनदा चावला. तिसऱ्यांदा चावला नाही, कारण तिने माझी जुनी छत्री घेतली, तिचं कापड आणि काड्या काढल्या आणि वाकड्या मुठीची दांडी तेवढी ठेवली. ती तिची आकडी. पेटी उघडली की आधी आकडी सापाच्या अंगाला दोनदा हळूच टेकवायची आणि म्हणायची, "जेवण न्हाई. मी हाय." साप मान सैल सोडायचा. मग हात. जेवण द्यायचं असेल तेव्हा आकडी नाही, लांब चिमटा. आकडी म्हणजे माणूस, चिमटा म्हणजे जेवण. काही महिन्यांत सापाला ते समजलं. बी.एड.ला शिकवतात त्यापेक्षा हे सोपं आहे, असं ती म्हणायची.

मीही गप्प बसलो नव्हतो. ग्रंथालयात सरपटणाऱ्या प्राण्यांवर होती ती सगळी पुस्तकं मी वाचली. साप कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ का होतात, त्याचे दात मागे का वळलेले असतात, हे मला माहीत होतं. तिने विचारावं म्हणून मी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर ठेवायचो. ती त्यांच्यावर गरम पातेली ठेवायची.

तिने विचारलं ते ललिताभाभींना.

ललिताभाभी शेजारच्या. त्यांच्या सासऱ्यांचं बाजारात धान्याचं दुकान. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, पण तीन पिढ्या जुन्नरात, आणि भाभींचं मराठी माझ्यापेक्षा गोड. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत. त्यांना सापाची भीती कशी वाटली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्या वाटी परत करायला आल्या, पेटीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, किती शांत आहे हा. आमच्याकडे एवढं शांत कुणीच नाही." सुमनने त्यांना आकडी दिली. महिन्याभरात साप त्यांच्या खांद्यावरून मानेमागे जाऊन झोपायला लागला.

फक्त जेवणाच्या दिवशी त्या येत नसत. पुण्याहून गोठवलेले उंदीर यायचे, ते आमच्या जुन्या छोट्या फ्रिजमध्ये असायचे. सुमन ते न्हाणीघरात कोमट पाण्यात ठेवायची, म्हणजे समोरच्या खिडकीतून दिसू नये. अष्टमी, चतुर्दशी टाळायची. पर्युषणात तर काहीच द्यायची नाही. "त्यांच्या डोळ्यांदेखत कशाला? पावण्यांना काय, चार दिवस इकडंतिकडं चालतंय." तिने हे भाभींना कधी सांगितलं नाही, आणि भाभींनी कधी विचारलं नाही, पण दोघींना माहीत होतं. मी त्या खिडक्यांच्या मधल्या बोळातून इतकी वर्षं जातोय. त्यातून काय काय जातं ते मला दिसलं नव्हतं.

एका पर्युषणात गोष्ट घडली. साप कात टाकत होता म्हणून आधीच्या खेपेला त्याने खाल्लं नव्हतं, त्यात पर्युषण लागलं. तो उपाशी होता आणि संध्याकाळी मानेचा वळसा करून काचेला डोकं लावून बसत होता. सुमन म्हणाली, "ललिता, हे दिवस राहू दे." भाभी म्हणाल्या, "ताई, तोही उपास करतोय, मीही करतेय. आमचं जमेल." त्यांनी आकडी लावली, दोनदा, अगदी नीट. मग हात घातला. आणि सापाने झेप घेतली.

त्याची झेप येताना दिसत नाही, आलेली दिसते. भाभींच्या अंगठ्याखाली दात रुतले होते आणि मनगटाला दोन वेढे बसले होते. भाभी ओरडल्या नाहीत. मी ओरडलो. सुमन आतून आली, "ओढू नको! ओढलं की फाटतंय!" म्हणाली आणि भाभींचा हात सापासकट धरून नळाखाली नेला. गार पाण्याची धार सापाच्या डोक्यावर सोडली. थोड्या वेळाने त्याने तोंड उघडलं.

"आकडी लावली होती ताई. दोनदा लावली."

"मला ठावं हाय. पावणं असं करत न्हाईत. हात हुंग तुजा."

भाभींनी दुसरा हात हुंगला. मग त्यांचा चेहरा बदलला. दुकानात उंदीर फार. त्यांच्याकडे मारत नाहीत, पिंजऱ्यात धरतात आणि नदीपलीकडे नेऊन सोडतात. ते काम सुनेचं. त्या दिवशी पिंजऱ्याचं दार अडकलं होतं, म्हणून भाभींनी उंदराला हातात धरून बाहेर काढलं होतं आणि गवतात सोडलं होतं. हात पाण्याने धुतले होते, साबण लावला नव्हता.

"उंदराला वाचवून आलेय हो मी," भाभी म्हणाल्या.

"आन् ह्यांच्या तोंडचा घास सोडून आलीस. ते चिडतील न्हाई तर काय!"

दोघी हसायला लागल्या. नळ चालू होता, भाभींच्या बोटांवरून पाणी आणि थोडं रक्त वाहत होतं, आणि सुमनने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरलेला होता. हसणं आवरेना तेव्हा तिने कपाळ भाभींच्या खांद्याला टेकवलं. मी टॉवेल घेऊन दारात उभा होतो. इतक्या वर्षांत तिने माझा हात इतका वेळ धरला होता का, ते मी आठवत होतो. तो साप मला का चावला नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते गमतीने वाटलेलं नव्हतं.

संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटी सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, भाभी हाताला पट्टी बांधून आल्या. आम्हा दोघांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाल्या आणि मग पेटीसमोर वाकून सापालाही म्हणाल्या. सुमन म्हणाली, "पावणं बी म्हणतायत. आवाज बारीक हाय त्यांचा."

त्याच संध्याकाळी चहा पिताना भाभी सहज म्हणाल्या, "ताई, ती आकडीची युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?"

सुमनने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी. हे वाचत बसले की ह्यांचं बी असंच. आधी कपाट वाजवायचं, मग बोलायचं. न्हाई तर चावतात."

भाभी चहा सांडेपर्यंत हसल्या. मीही हसलो. पण रात्रभर मला ते सुखाचं वाटलं की दुःखाचं, हे ठरवता आलं नाही. सापाला जे मिळत होतं ते आधी माझं होतं, हे खरं. पण ते आता वाटून घ्यावं लागत होतं, हेही खरंच.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. पुण्याला फेऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात राहायला जायच्या आदल्या दिवशी तिने आम्हा दोघांना पेटीसमोर बसवलं, शाळेतल्यासारखं.

"खायला हे घालतील. हातात ललिता घेईल."

"मी का नाही हातात घ्यायचं?" मी विचारलं.

"तुमच्या हाताला उंदराचा वास राहील. ललिताला खायला घालायला सांगता येत न्हाई. मग उरलं काय?"

तर्क बिनचूक होता. मी चिमटा घेतला. पहिल्या वेळी झेप आली आणि माझ्या हातून चिमटा पडला. नंतर जमायला लागलं. पण मग असं झालं की मी खोलीत आलो की साप कुंड्याखालून मान काढायचा, वळसा करायचा, माझ्याकडे रोखून बघायचा. मी म्हणजे जेवण. भाभी आल्या की तोच साप त्यांच्या बाहीत शिरून झोपायचा. त्या सापाला घेऊन बसलेल्या असल्या की मागून, अंधूक उजेडात, सुमन बसली आहे असं वाटायचं. मी त्या खोलीत जाणं टाळायचो.

सुमन गेल्यावर घर पांढऱ्या कपड्यांच्या माणसांनी भरलं. पुण्यानुमोदनाला शाळेतले लोक आले, तिच्या डोंगरातल्या गावची माणसं आली. मुलांनी रडत वंदना म्हटली. सगळं उरकल्यावर बोरीची वहिनी म्हणाली, "भाऊजी, आता ते जनावर कुणाला तरी देऊन टाका. तुमी एकलं मानूस, कशाला पायजे?" भाभी दारापाशी उभ्या होत्या. त्यांच्या घरात मांस येणं शक्य नाही, त्यामुळे साप तिकडे जाणं शक्य नाही. मी देऊन टाकला तर त्यांचाही जातो. हे मला कळत होतं. तो गेला तर त्या खोलीत सुमनसारखं कुणी बसणार नाही, हेही कळत होतं, आणि त्यात मला थोडी सुटका दिसत होती.

"बघू," मी म्हणालो.

माणसं गेल्यावर मी पाणी बदलायला पेटी उघडली. साप कितीतरी दिवसांचा उपाशी होता. आकडी शेजारीच टांगलेली होती. मी सरळ हात घातला.

दुखलं ते थोडंच. पण त्याने मनगटाला वेढे घातले, आणि मला पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. तो गार नव्हता. दिव्याखाली पडून ऊबदार झाला होता. सगळं अंग एकाच वेळी आवळत होतं, आणि त्या आवळण्यात राग नव्हता, नुसती भूक होती. मी नळाशी गेलो. दुसऱ्या हाताने नळ सोडला. त्याने तोंड उघडलं, पण वेढे सोडले नाहीत, आणि मीही घाई केली नाही.

भाभी आत आल्या तेव्हा मी असाच उभा होतो. त्यांनी नळ बंद केला. सापाला शेपटीकडून हळूहळू उलगडून घेतला आणि पेटीत ठेवला. आतून डेटॉल आणून माझ्यासमोर ठेवलं. माझ्या हाताला हात लावला नाही. ते बरोबरच होतं.

मग त्या खुर्चीवर बसल्या. "सर, एक विचारू? त्या सोमवारी मी फोन केला होता ना, व्हिडिओ. मी सगळा वेळ फोन पावण्यांच्या तोंडाशी धरला होता. ताईंना पावणं नीट दिसावेत म्हणून. माझं बघणंच झालं नाही. ताई कशा दिसत होत्या?"

मंगळवारच्या आदल्या दिवशीची ती गोष्ट. फोन मीच धरला होता. सुमनला हात उचलवत नव्हता, म्हणून पडदा तिच्याकडे करून मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला तिचा चेहरा दिसत होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. साप हलत असेल तसे तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते. ओठ हलले, शब्द आले नाहीत. मग ती हसली. लग्नात हार घातल्यावर हसली होती, त्यापेक्षा हे हसू मोठं होतं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी फोन खाली केला असता तर कदाचित पाहिलं असतं. मी फोन तसाच धरून ठेवला, हात भरून आला तरी, कारण मला तो चेहरा हवा होता आणि तो तिकडेच होता.

"बऱ्या दिसत होत्या," मी भाभींना म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना आणखी ऐकायचं होतं. मी आणखी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत ही एकच गोष्ट माझी एकट्याची होती.

आता लिहून झाली आहे. हे कागद वाचायला मी पहिल्यांदा भाभींना देणार आहे.

साप माझ्याकडे आहे. त्याला खायला मी घालतो, हातात भाभी घेतात. त्या आल्या की मी आता खोलीतून जात नाही, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतो.